मोर उघडंना झाला तो दिवस

त्या दिवशी पंचिंगच्या, म्हंजे चादरीच्या नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायच्या, दुकानात आमी चौघं हुतो. रऊफभाई, दुकानाचे मालक, दाराजवळच्या टेबलाशी. अंबादास मामा, ग्राफच्या कागदावर नक्षी काढणारे, खिडकीपाशी, डोळ्यावर एकावर एक दोन चष्मे लावून. सविता, बार्शीची पोरगी, कंप्युटरचा डिप्लोमा झालेली, कंप्युटरफुडं खुर्चीवर. आणि मी, रेणुका, त्या खुर्चीच्या मागं उभी. घरी त्या वक्ताला माझी सासू, जिला मी आत्ती म्हणत हुते, आणि माझी मंगल, आठवीत शिकणारी. मामा आणि आत्ती आता न्हाईत. रऊफभाई हायत, ऐकायला कमी येतंय. सविताचा अजून फोन येतोय. सगळ्यांची नावं आधीच सांगितली, म्हंजे फुडं कोण काय बोललं ते नीट कळंल.

माणूस लानपणी वाढतंय म्हणतात. मी लानपणी दुधनीच्या पलीकडं बापाच्या मेंढरांमागं हिंडून नुसती उंच झाले. शाळा चौथीपातूर. डोक्यानं वाढले ती लई उशिरा, मंगल आठवीत असताना, त्या दुकानात. म्हणून वाढण्याची गोष्ट लिवायची तर मला तिथलीच लिवावी लागंल.

शुक्रवार पेठेत आमची एक खोली हुती. दहा बाय दहा, वर लाकडाचा माळा. मंगलचे वडील भिवंडीला मागावर कामाला गेले आणि तितंच त्येंनी दुसरं घर केलं. त्यावर जास्त लिवण्यासारखं काय न्हाय. ते गेले, त्येंची आई माझ्यापाशी राहिली. आत्ती म्हणायची, "त्यो गेला म्हणून मी कुटं जाऊ? माझी भाकरी तुझ्याच हातची." खोलीत आमी तिघी, पर सामान सात माणसांचं. थंडीच्या वाकळा, लग्नातलं मोठं पातेलं, मंगलच्या जुन्या वह्या, पोत्यातली ज्वारी, सगळं माळ्यावर. खाली ठेवायचं ते फकस्त आजच्याला लागणारं. तवा, काठवट, दोन भांडी, कडक भाकरीचा डबा, शेंगाच्या चटणीची बरणी. सकाळी उजाडलं की शेजारचे माग सुरू व्हायचे, खटाक खटाक, आणि त्या तालावर मी भाकरी थापायची. माग बंद पडला की माझा हात थांबायचा. आवाज ऐकायची सवय मला तवापासनं. फुडं ती उपयोगाला आली.

दुकानात माझं काम पुठ्ठ्यांचं. चादरीवर जी नक्षी उठती ती आधी कागदावर चौकटी चौकटीनं काढत्यात. मग एकेका वळीचं एक पुठ्ठं, त्याला भोकं पाडायची. भोक असंल तितं दोरा वर जातो, नसंल तितं खाली राहतो. अशी हजारो पुठ्ठी वळीनं ओवून त्याची लड करायची आन् ती मागावर चढवायची. भोकं पाडायचं मशीन हुतं, ओवायचं काम माझं. आणि जुन्या लडी सांभाळायचं कामबी माझंच. मागावर पुठ्ठं फाटलं की कारखान्यातला माणूस खिडकीशी येऊन म्हणायचा, "रेणुकाबाई, मोगऱ्याच्या नक्षीचा तिसरा गठ्ठा काढा, एक पुठ्ठं बदलायचंय." प्रत्येक नक्षी आमी सारख्या मापाच्या गठ्ठ्यांत तोडून बांधून ठेवलेली असायची. नक्षी लहान असो का मोठी, गठ्ठा एकाच मापाचा. म्हंजे कुठलाबी गठ्ठा कुठल्याबी जागेत बसतोय.

माझ्या बाकड्यावर सहाच गठ्ठे मावायचे. खडूनं म्या सहा खण आखले हुते. बाकीचे शेकड्यानं गठ्ठे माळ्यावर. लाकडी शिडी लावून वर चढायचं, गठ्ठा खाली आणायचा. सहाही खण भरलेले असले तर आधी बाकड्यावरचा एक वर न्यायचा. कुठला न्यायचा? ज्याला लई वेळात कुणी हात लावला न्हाय तो. कुठला गठ्ठा कुठल्या खणात न् कुठला माळ्याच्या कुठल्या फळीवर, ते एका वहीत शिसपेन्सिलीनं लिवायचं, कारण दर घटकंला खोडायला लागायचं. खिडकीतल्या माणसाला यातलं काय ठाऊक नसायचं. त्यो मोगरा तीन म्हणायचा, मी मोगरा तीन द्यायची. त्येला वाटायचं सगळ्या नक्ष्या माझ्या हाताशीच हायत. कवा लवकर मिळायचं, कवा उशीर व्हायचा, एवढाच फरक.

दिवाळीच्या आधी एकदा रऊफभाईंनी ती शिडी शेजारच्यांना सफेदीला दिली. मला सांगितलं न्हाय. मी सकाळी आले तर शिडी न्हाय. बाकड्यावर सहा गठ्ठे. पयले दोन तास लई झ्याक गेले. वर चढायचं न्हाय, गुडघे दुखायचे न्हाईत, जे मागतील ते हाताशी. मग एकानं बाकड्यावर नसलेला गठ्ठा मागितला. द्यायचा कुठून? मशीनमधनं नवी पुठ्ठी निघाली, ती ठेवायची कुटं? जमिनीवर ठेवली, कुणाचा तरी पाय पडून विस्कटली, आणि एका आख्ख्या लडीचा क्रम गेला. रऊफभाई घामाघूम झाले. त्या दिवशी त्येंनीच नेम केला, की दुकानातली कसलीबी वस्तू जो हलवंल त्येनं तितं चिठ्ठी ठेवायची. काय हलवलं, कुणी हलवलं. मग आमी सगळेच चिठ्ठ्या ठेवायला लागलो. मामा तर चहाला गेले तरी खुर्चीवर चिठ्ठी ठेवून जायचे, 'अंबादास चहाला गेला हाय.'

पुढल्या वर्षी कंप्युटर आला. त्याबरोबर सविता आली. मामांनी कागदावर काढलेली नक्षी ती यंत्रानं आत घ्यायची, चुकलेली चौकट पडद्यावर दुरुस्त करायची, आणि फ्लॉपीत घालून भोकं पाडायच्या मशीनला द्यायची. मामा नाकाला पदर लावल्यासारखा रुमाल लावून बघायचे. म्हणायचे, "ओ अम्मा, माझी तीस वर्षं त्या डबड्यात गेली की." पर त्येंचे डोळे जात चालले हुते, ते त्येंनाबी कळत हुतं.

मला त्या कंप्युटरचा आवाज आधी ध्यानात आला. सविता एक नक्षी उघडायची तवा शांत. दुसरी उघडली की आतनं कर्र कर्र, कर्र कर्र, जसं उंदीर लाकूड कुरतडतोय. तिसरी उघडली की कर्र कर्र थांबायचंच न्हाय, आणि पडद्यावरचा बाण गोठल्यावानी उभा. म्या इचारलं, "सविता, ह्येच्या पोटात काय हाय गं?"

"डिस्क फिरतेय, मावशी. मेमरी कमी पडली की त्यातलं काही डिस्कवर टाकतो, आणि लागलं की परत आणतो. त्याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात."

"मेमरी म्हंजे?"

"जे आत्ता हाताशी लागतं ते मेमरीत. जागा थोडी, पण हाताशी लगेच येतं. डिस्क मोठी, पण तिथून आणायला वेळ लागतो."

म्या माझ्या बाकड्याकडं बघितलं, मग माळ्याकडं बघितलं. "म्हंजे ह्येलाबी सहाच खण हायत."

सविता हसली. "तसंच समजा."

"आणि वही कुटं हाय? कुठला गठ्ठा कुटं ठेवला ते लिवायला?"

तिचं हसणं थांबलं. म्हणाली, "मावशी, वही आहे. तक्ता म्हणतात त्याला. आमच्या सरांना हे समजवायला दोन तास लागले होते."

मग मी रोज एक प्रश्न इचारायची. गठ्ठे एका मापाचे असत्यात का? व्हय, त्याला पान म्हणत्यात. वर कुठला पाठवायचा ते कोण ठरवतंय? मशीन स्वताच, लई वेळात न लागलेला बघून. नक्षी उघडणाऱ्या प्रोग्रामाला ठाऊक असतंय का आपलं पान खाली हाय का वर? न्हाय, त्येला वाटतंय सगळी खोली आपलीच. त्यो पान मागतोय, ते मेमरीत नसलं की त्येला थांबवून ठेवून डिस्कवरनं आणत्यात, मग फुडं चालू. माझ्या खिडकीतल्या माणसावानी. आणि सात जण सात गठ्ठे पाळीपाळीनं मागायला लागले न् खण सहाच असले, तर दिवसभर शिडीवर चढ-उतार हुती, ओवायचं काम शून्य. कंप्युटरचंबी तसंच, म्हणूनच बाण गोठतोय. हे म्या कुठल्या पुस्तकात वाचलं न्हाय. माझ्या गुडघ्यांना ते आधीच ठाऊक हुतं.

गुडघ्यांचंच सांगते. डाक्टरनं सांगितलं हुतं, शिडी बंद करा, न्हाईतर दोन वर्षांत चालणं बंद हुईल. शिडी बंद म्हंजे काम बंद. त्यातच सविताचं लग्न ठरलं, सहा महिन्यांनी ती जाणार. म्या रऊफभाईंना सरळ इचारलं, "सविता गेल्यावर त्या खुर्चीवर मी बसू का?" त्येंनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "रेणुकाबाई, तुम चौथी पास."

"चौकटी भरायला चौथी पुरती."

"चलो, शिको. मामांचा मोर येणार हाय. त्येची किनार तुमी भरा. बरोबर भरली तर खुर्ची तुमची."

मामांचा मोर म्हंजे काय ते सांगायला पायजे. चादरीवर नक्षी छोटी असती आणि तीच तीच फिरून येती. मामांनी शेवटची म्हणून अशी एक काढली, की आख्ख्या चादरीभर एकच मोर, पिसारा चारी कोपऱ्यांपातूर, कुठंबी फिरून आलेली न्हाय. दोन महिने काढत हुते. कागदाचे तुकडे जोडून जमिनीवर पसरले तवा आमाला चालायला जागा राहिली न्हाय. सविताने ते तुकड्या-तुकड्यानं आत घेतलं आणि जोडून एक केलं. एका कारखानदाराला नमुना पायजे हुता, आठ दिवसांत. मी दुपारचा डबा खाऊन रोज तासभर खुर्चीवर बसायची आन् किनारीच्या चौकटी भरायची, वेगळ्या फायलीत. माउस मी कसा दोन बोटांनी धरती ते घरी करून दाखवलं तर मंगल म्हणाली, "आई, तू उंदराला भितीस का काय?" आत्ती म्हणाली, "पुठ्ठी ओवणारी बाई आता कलेक्टर हुणार. मला मोटारीतनं नेशील न्हवं?"

"नेते की. फुडं बसवते."

मग त्यो दिवस. सकाळी सविताने कंप्युटर चालू केला आणि तो शांत. कर्र कर्र न्हाय. सविता म्हणाली, "अय्या, आज काय पळतंय." खरंच पळत हुतं. रऊफभाई टेबलावरनं म्हणाले, "देखा? अच्छा हुआ ना?" मला तवा वाटलं नुसतं कौतुक करत्यात. मी सकाळीच बसून किनारीचं शेवटचं काम भरलं, चार तास, न उठता. दुपारी सविता म्हणाली, मावशी, उठू नका, तुमची किनार उघडीच ठेवा, मी मोर उघडते आणि दोन्ही जोडते. ती माझ्या शेजारी वाकली, मोर उघडायला लावला. पडद्यावर चोच आली, मान आली, पिसाऱ्याचा थोडका भाग आला आणि थांबलं. मधीच निरोपाची एक चौकट आली. सविताने वाचलं, मेमरी पुरेशी नाही. तिनं ती चौकट बंद केली, परत उघडायला गेली, तर मोरबी गेला आणि माझी किनारबी गेली. प्रोग्रामच बंद. माझे चार तास त्यात हुते. म्या ते जपून ठेवायचं बटण दाबलं न्हवतं. ती माझी चूक, ती मी आजबी कबूल करते.

मामा खिडकीतनं उठून आले. पडद्यावर काय न्हाय बघून म्हणाले, "मोर कुटं गेला?"

सविता म्हणाली, "मामा, मोर आहे, उघडत नाही. कालपर्यंत उघडत होता."

"कालपातूर हळू उघडत हुता," म्या म्हणलं. "पर उघडत हुता."

रऊफभाईंनी माझ्याकडं बघितलं. "काल संध्याकाळी मशीनवर कोण हुतं?"

"मी हुते. काल संध्याकाळीबी किनार भरत हुते, अर्धा तास."

"काय दाबलं?"

"काय न्हाय दाबलं."

"कुछ तो दबाया होगा. तुमाला इंग्लिश येत न्हाय, काय लिवलंय ते कळत न्हाय. कैकू हात लगाये दुसऱ्या जागी?"

सविता म्हणाली, "भाई, त्या दुसरीकडं हात लावत नाहीत." पर तिचाबी आवाज बारीक हुता, तिलाबी खातरी न्हवती. रऊफभाई म्हणाले, "मशीन दुरुस्त होईपर्यंत तुमी पुठ्ठ्यावर बसा." मी उठले. बाकड्यावर जाऊन बसले. भांडून काय हुणार? दुपारभर शिडीवर चढले-उतरले. गुडघा प्रत्येक पायरीला आपली हजेरी देत हुता. चार दिवस राहिले हुते. मोर गेला तर मामांचे दोन महिने जाणार, आणि माझी खुर्ची तर तिथल्या तिथं गेली हुती.

घरी सांगितलं तवा आत्ती भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबली. मला वाटलं आता टोमणा येणार. ती म्हणाली, "तू हात लावलास का?"

"न्हाय."

"मग कुणीतरी लावला. आपोआप बिघडायला ते काय दूध हाय?" आणि चटणी माझ्याकडं सरकवली. "खा. उद्या जाऊन बघ काय हललंय ते. खोलीतली वाटी हलली तरी तुला कळती."

सकाळी शेजारचा माग वीज गेली म्हणून घटकाभर बंद हुता. भाकरी थापताना माझा हात थांबला, आणि तिथंच मला ते कळलं. आवाज. काल दिवसभर कंप्युटरनं कर्र केलं न्हवतं. मोर उघडताना तर त्येनं जोरजोरानं कुरतडायला पायजे हुतं, एवढा मोठा मोर, तरीबी गप्प. सफेदीच्या वक्ताला माझं काय झालं हुतं? पयले दोन तास मजेत, पायाला आराम, मग एकदम जागा न्हाय. शिडी न्हवती म्हणून.

मी काठवट तशीच ठेवली, आत्तीला म्हणलं भाकऱ्या तू कर, आणि दुकानात गेले. रऊफभाई कुलूप काढत हुते. सविता आली की म्या तिला बाकीचं काय बोलू दिलं न्हाय. म्हणलं, "ह्येची शिडी कुणीतरी काढलीय. डिस्कवर टाकायचं बंद केलंय. ते बंद करता येतं का?"

सविता माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "येतं, मावशी. पण कुणी करत नाही."

"बघ की."

तिनं पडद्यावर एक खिडकी उघडली, त्यातनं दुसरी, त्यातनं तिसरी. तितं खाली एक लहान चौकोन, त्यात बरोबरची खूण. तिनं वाचलं, 'व्हर्च्युअल मेमरी बंद करा.' आणि त्याच्या फुडंच कंसात लिवलेलं हुतं, 'आम्ही हे सुचवत नाही.' मामा मागनं म्हणाले, "बघा, मशीननंबी चिठ्ठी ठेवली हुती. वाचणार कोण?"

सविता म्हणाली, "हे आपोआप होत नाही. कुणीतरी हाताने खूण केलीय. आणि इथंवर यायला इंग्रजी वाचता आलं पाहिजे, मावशींना इथं पोचताच आलं नसतं."

रऊफभाई टेबलाशी हुते. ते उठले, टोपी घातली, म्हणाले, "चाय सांगून येतो," आणि भायेर गेले. चहा सांगायला ते कवाच स्वता जात नसत.

सविताने ती खूण काढली, मशीन बंद करून परत चालू केलं. मोर उघडला. पयल्यांदा चोच. मग कर्र. मग कर्र कर्र, कर्र कर्र. मान आली. लानपणी मेंढरं वढ्यातनं नेताना अव्वा, माझी आई, मागनं म्हणायची, निधान, निधान, म्हंजे सावकाश, सावकाश. म्या त्या कंप्युटरला मनातल्या मनात तेच म्हणलं. पिसाऱ्याचा एक कोपरा, दुसरा, तिसरा. लई वेळ लागला. मामा पडद्याला नाक लावून उभे. चौथा कोपरा आला तवा त्येंनी वरचा चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि म्हणाले, "डाव्या पायाचं एक नख राहिलंय." सविताने मोठं करून बघितलं. खरंच एक चौकट राहिली हुती.

किनार म्या परत भरली. त्या येळी दर दहा चौकटींना जपून ठेवायचं बटण दाबलं. नमुना वक्तावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर पडद्याच्या वरच्या काठाला गोंदानं एक चिठ्ठी चिकटवलेली. रऊफभाईंचं अक्षर, मराठी, उजवीकडनं डावीकडं लिवणाऱ्याचं असतंय तसं जरा तिरपं. 'आवाज होत होता म्हणून मी बंद केलं होतं. रेणुकाबाईने हात लावला नव्हता. खुर्ची त्यांची. रऊफ.' ते टेबलाशी पेपर वाचत हुते, तोंड पेपरात. मी खुर्चीवर बसले, मशीन चालू केलं. मामांनीच मागनं मला सांगितलं, की दुरुस्तीवाल्याला फोन करून रऊफभाईंनी इचारलं हुतं, ह्यो कर्र आवाज कसा बंद करायचा, डिस्क झिजंल म्हणून त्येंना काळजी. त्येनं फोनवर सांगितलं, ह्येंनी सकाळी लवकर येऊन केलं. आणि आपणच केलेला चिठ्ठीचा नेम आपणच इसरले. मग मोर उघडंना तवा भ्याले. भ्यालेलं माणूस दुसऱ्याकडं बोट करतंय. म्या ते तवाच सोडून दिलं.

रऊफभाईंचं सगळंच चुकलं न्हवतं, हेबी लिवायला पायजे. बंद करता येतं. किनारीएवढं लहान काम असंल तर बंद करूनबी मशीन पळतंय, पळालंच हुतं. पर काम मोठं झालं की टाकायला जागा न्हाय, आणि मग मशीन हळू हुत न्हाय, सरळ हातातलं टाकून देतंय. आवाजाचा खरा इलाज बाकडं मोठं करणं हुता. महिन्याभरानं त्येंनी मेमरीची पट्टी आणून बसवली, आणि कर्र कर्र निम्म्यावर आलं. शिडी मातर कुणी काढली न्हाय.

त्या खुर्चीवर मी अठरा वर्षं बसले. मोर ही मामांची शेवटचीच नक्षी. आत्तीला मोटारीतनं नेलं, भाड्याच्या, सविताच्या लग्नाला बार्शीला. फुडं बसवली.

आता मंगलची पोरगी कालेजात हाय. परवा लॅपटॉप घेऊन आली न् म्हणाली, "आजी, सोळा जीबी रॅम आहे, व्हर्च्युअल मेमरी बंद करू का? नेटवर लिहिलंय फास्ट होतं." म्या इचारलं, आवाज येतोय का? म्हणाली, आजी, आता डिस्क फिरतच नाही, आवाज कुठला? मला तेच वाईट वाटलं. आता वर-खाली चाललंय का थांबलंय, कानाला कळत न्हाय. तिला सांगितलं, तुझं बाकडं मोठं हाय, त्यामुळं शिडी सारखी लागणार न्हाय. न लागणारी शिडी भिंतीला टेकून उभी राहिली तर तुझं काय जातंय? काढून किती फास्ट हुतंय ते बघ पायजे तर, पर मोठं काय उघडायच्या आधी हातातलं जपून ठेव. तिनं काढली न्हाय. म्हणाली, आजी, तू म्हणतीस तर राहू दे.

ती चिठ्ठी माझ्यापाशी हाय. गोंद पिवळा पडलाय, अक्षर हाय तसं हाय. आता ती चिठ्ठी बाकड्याच्या जुन्या वहीत ठेवलीय, पेन्सिलीनं खोडलेल्या पानांमधी.

वाचणाऱ्याकडं माझं एकच मागणं हाय. दुसरं माणूस ज्या मशीनवर काम करतंय त्यातलं काय तुमी बदललं, चालू केलं, बंद केलं, तर एका कागदावर लिवून तितं चिकटवा. काय बदललं, आणि खाली तुमचं नाव.